लस घेऊनही मला कावीळ का झाली

गेल्या पावसाळ्यात मला हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूने लिव्हरला होणारा आजार, झाला. या आजाराची लस मी घेतलेली होती. रिपोर्ट आला तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, आणि पुढचे काही महिने तोच प्रश्न मी भेटेल त्या डॉक्टरांना विचारत राहिले. एका वाक्यात उत्तर कुणीच दिलं नाही. एकेक शक्यता तपासत, काही बाद करत, काही तशाच बाजूला ठेवत आम्ही त्याच्या जवळ पोचलो. ते सगळं लिहून काढते आहे, कारण माझ्यासारखी औषधं घेणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांना हे आधी सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

मी नेरुळला राहते. नोकरी बेलापूरला. मला आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि पंधरवड्याला अ‍ॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन असे उपचार चालू होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, म्हणून तिला आवर घालणारी औषधं द्यावी लागतात. या औषधांनी माझे हात परत चालायला लागले, डब्याचं झाकण मी परत स्वतः उघडू लागले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या गोष्टीत त्यांचा मोठा भाग आहे, म्हणून आधीच सांगितलं.

लस घेतली ती आजाराच्या आधीच्या वर्षी. आमच्या ऑफिसात दोन-तीन जणांना लागोपाठ कावीळ झाली, तेव्हा मी जवळच्या एका दवाखान्यात जाऊन विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, मेडिकलमधून लस आणली, दंडावर टोचून घेतली. दुसरा डोस कधी, असं मी विचारलं. 'एकाच डोसने पंच्याण्णव टक्के लोकांना संरक्षण मिळतं, तुम्हाला पुरे' असं सांगण्यात आलं. ते वाक्य निरोगी माणसाच्या बाबतीत खरं आहे हे मला नंतर कळलं. माझ्या बाबतीत ते खरं आहे का, हा विचार त्या टेबलावर झाला नाही. मी कोणती औषधं घेते हेही विचारलं गेलं नाही.

आजार सुरू झाला तेव्हा तो ओळखू आला नाही. मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळणं, जेवणावर वासना नसणं हे माझ्या ओळखीचं होतं. या वेळी ते दुसऱ्या दिवशी संपलं नाही. अंग मोडून आलं, ताप आला, चहाच्या वासानेही नको वाटायला लागलं. पावसाळा होता, त्यामुळे आधी मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या झाल्या. त्या निगेटिव्ह. मग लघवीचा रंग गडद झाला आणि माझ्या जाऊबाईंनी खिडकीजवळ उभं करून माझे डोळे पाहिले. त्यांनी काही न बोलता माझ्या नवऱ्याला हाक मारली.

लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, हजारांत गेला होता. नॉर्मल चाळीसच्या आसपास असतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांचा एसजीपीटी ठरावीक काळाने तपासतातच, कारण ते औषध लिव्हरला त्रास देऊ शकतं. त्यामुळे पहिला संशय औषधावर गेला. वाशीच्या पोटविकारतज्ज्ञांनी मात्र आकडा पाहून मान हलवली. मेथोट्रेक्सेटने एसजीपीटी वाढतो तो बहुधा दुप्पट, तिप्पट. असा एकाएकी हजारांत जाणं विषाणूच्या संसर्गाकडे बोट दाखवतं, असं ते म्हणाले. औषधं मात्र त्यांनी त्याच दिवशी थांबवली, आणि संधिवाताच्या मॅडमना स्वतः फोन केला. तापासाठी पॅरासिटॅमॉलसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं बजावलं.

'सर, पण मी ए ची लस घेतली आहे,' मी म्हटलं.

'म्हणून तर ए धरून सगळंच तपासू,' ते म्हणाले.

यातली पहिली गोष्ट माझ्यासाठी नवीन होती. कावीळ हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. ते अनेक विषाणूंमुळे दिसतं. दूषित पाण्यातून येणारे दोन, ए आणि ई. रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरणारे बी आणि सी. आपल्याकडे मोठ्या माणसांना पाण्यातून होणारी कावीळ पुष्कळदा ई ची असते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं पाणी दूषित होऊन हजारो लोकांना कावीळ झाली होती. ती ई ची साथ होती हे कित्येक वर्षांनी, साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. ए ची लस ई पासून वाचवत नाही. ई ची लस चीनमध्ये आहे, आपल्याकडे ती मिळत नाही. म्हणजे 'लस घेतली तरी कावीळ झाली' असं सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत लस नापास झालेलीच नसते, त्यांना वेगळा आजार झालेला असतो. माझ्या डॉक्टरांच्या अनुभवात हेच कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

माझं तसं निघालं नाही. ई ची आयजीएम तपासणी निगेटिव्ह, बी आणि सी निगेटिव्ह, ए ची आयजीएम पॉझिटिव्ह. अँटिबॉडी म्हणजे विषाणूला अडवायला शरीर बनवतं ते प्रथिन, आणि आयजीएम म्हणजे संसर्ग ताजा असताना तयार होणारी अँटिबॉडी.

इथे त्यांनी आणखी एक शक्यता तपासली. ए ची लस घेतल्यावर पहिले काही आठवडे आयजीएम कधीकधी पॉझिटिव्ह येतं, लसीमुळेच. म्हणून त्यांनी लस घेतल्याची तारीख विचारली. वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे ही शक्यता गळाली. आजार खरा होता, ए चाच होता, आणि लस घेतल्यानंतर झाला होता.

मला वाशीच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. माझा जीव त्या बिलिरुबिनच्या, म्हणजे कावीळ किती आहे ते सांगणाऱ्या, आकड्यात अडकला होता, डॉक्टरांचं लक्ष मात्र आयएनआरवर होतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते यातून कळतं, आणि लिव्हर खरोखर काम करतंय की नाही तेही. रोज सकाळी ते मला आजची तारीख विचारायचे, कालच्या जेवणात काय होतं ते विचारायचे. मला वाटायचं गप्पा मारतात. सुस्ती आणि गोंधळलेपण ही लिव्हर कोलमडण्याची पहिली खूण असते, म्हणून ते विचारत होते. हिपॅटायटिस ए मध्ये असं क्वचित होतं, शंभरात एकापेक्षाही कमी जणांना, पण वय जसं वाढतं तसा धोका वाढतो. माझा आयएनआर थोडा वाढून परत खाली आला.

घरी सासूबाई पनवेलकडच्या एका माणसाकडे कावीळ उतरवायला नेऊया म्हणत होत्या. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्या काळजीबद्दल मला कधीच शंका नव्हती. मी त्यांना इतकंच सांगितलं की ही कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणून उतरवणाऱ्याला यश येताना दिसतं; ज्याची उतरत नाही त्याला हॉस्पिटलच लागतं आणि तिथे पोचायला उशीर झालेला चालत नाही. त्यांनी ऐकलं. उसाचा रस मात्र हवाच म्हणाल्या. डॉक्टरांनी रसाला हरकत घेतली नाही, हातगाडीवरच्या रसातल्या बर्फाला घेतली.

आता सासूबाईंचीच गोष्ट. घरात एकाला ए झाला की बाकीच्यांचं काय करायचं हा प्रश्न येतो, म्हणून सगळ्यांच्या रक्तातली ए ची एकूण अँटिबॉडी तपासली. सासूबाई पॉझिटिव्ह, माझा नवराही पॉझिटिव्ह. दोघांनीही कधी लस घेतलेली नाही. दोघांचं बालपण चिपळूणजवळच्या गावात, विहिरीच्या आणि पऱ्ह्याच्या पाण्यावर गेलं. लहानपणी कधीतरी हा विषाणू येऊन गेला, आणि त्या वयात तो बहुतेक मुलांना काहीही जाणवू न देता जातो. सहा वर्षांखालच्या मुलांत बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. संरक्षण मात्र जन्मभराचं देऊन जातो. मी ठाण्याला पाचपाखाडीत वाढले, घरात उकळलेलं पाणी, मग फिल्टर. माझ्या वाट्याला तो लहानपणी आलाच नाही. मोठ्यांना झाला तर मात्र दहातल्या सातांना कावीळ दिसते आणि आजार जोरात होतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने हा बदल कित्येक वर्षांपूर्वी नोंदवला आहे: शहरातल्या सुस्थितीतल्या घरांतली मुलं ए शी गाठ न पडताच मोठी होऊ लागली. स्वच्छता वाढली की लसीची गरज वाढते, हे मला त्या दोन रिपोर्टांनी जितकं पटवून दिलं तितकं कुठल्या लेखाने दिलं नसतं.

मुलाला बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या वाढदिवसानंतर ही लस दिलेली होती. त्याच्या पुस्तिकेत लसीचं नाव, बॅच नंबर, छोटं स्टिकर, सही, सगळं जागच्या जागी. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस होती, एका डोसची. आपल्याकडे दोन्ही प्रकार मिळतात: ही एका डोसची, आणि मारलेल्या विषाणूची दोन डोसची, सहा महिन्यांच्या किंवा त्याहून जास्त अंतराने. एका डोसच्या लसीचा पुण्यात मुलांवर दीर्घ अभ्यास झाला आहे आणि पंधरा वर्षांनंतरही बहुतेकांच्या रक्तात पुरेशी अँटिबॉडी सापडली. मुलगा त्याच टाकीचं पाणी पीत होता. त्याला काही झालं नाही.

टाकीबद्दल थोडक्यात सांगते. आमच्या सोसायटीची अंडरग्राउंड टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर अगदी शेजारी आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला चेंबर तुंबलं, बाजूची भिंत तडकलेली निघाली, पाण्याच्या नमुन्यात मैल्यातले जंतू सापडले. टाकी उपसून, धुऊन, क्लोरिन टाकून झालं. तोवर आमच्या विंगमध्ये बरेच जण आजारी पडले होते आणि आणखी काही पडायचे होते. पोटात विषाणू गेल्यापासून आजार दिसेपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस जातात, सरासरी अठ्ठावीस. टाकी स्वच्छ झाल्यावरही माणसं आजारी पडत राहतात ती यामुळेच.

याच अवधीमुळे आमच्या इमारतीत एक मोठा गैरसमज झाला. खालच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने साथीची बातमी कळल्यावर लगेच लस घेतली. आठवडा-दीड आठवड्यात त्याला कावीळ झाली. 'लसीनेच कावीळ झाली' हे वाक्य दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्या कानावर आलं, आणि लस घ्यायला निघालेली दोन कुटुंबं थांबली. मी अजून पुरती बरी नव्हते, तरी त्याच्या आईला फोन केला, कारण याचं उत्तर मला तोपर्यंत मिळालेलं होतं.

त्याने घेतलेल्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्याच्याने कावीळ होऊ शकत नाही. तो मुलगा लस घेण्याच्या आधीच दोन-तीन आठवडे ते पाणी पीत होता. लस आत गेली तेव्हा विषाणू लिव्हरपर्यंत पोचलेला होता. विषाणूशी संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर ती पुष्कळदा आजार अडवते, त्यानंतर तिचा भरवसा कमी होत जातो. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या मन्रोजवळच्या एका वस्तीत सुमारे हजार मुलांवर या लसीची चाचणी झाली, तीही साथ चालू असताना. निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना नुसतं औषधाविना इंजेक्शन. पहिल्या तीन आठवड्यांत खरी लस घेतलेल्यांतही काही मुलं आजारी पडली. त्यानंतर त्या गटात एकही नाही, आणि दुसऱ्या गटात आजारी पडणं चालूच राहिलं. पहिल्या तीन आठवड्यांतली ती मुलं लस टोचण्याआधीच संसर्ग झालेली होती. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा नेमका तसाच. त्याच्या आईला हे पटलं. थांबलेल्या कुटुंबांपैकी एकाने लस घेतली. दुसऱ्यांचं मन मला वळवता आलं नाही, याची खंत आहे.

माझं कोडं मात्र यातून सुटत नव्हतं. माझी लस वेळेवर, कित्येक महिने आधी घेतलेली.

बरं वाटू लागल्यावर मी ठाण्याला गेले. माझ्या संधिवाताच्या मॅडम नौपाड्यात बसतात, नेरुळहून ट्रान्स-हार्बरने सरळ जाता येतं. औषधं बंद असल्यामुळे सांधे परत सुजायला लागले होते, ठाणे स्टेशनचा जिना कठड्याला धरून उतरले. मॅडमनी आधी मनगटं दाबून पाहिली, मग म्हणाल्या, 'लसीचा कागद दाखवा.'

कागद म्हणजे दवाखान्याचं छोटं कार्ड. त्यावर 'हिपॅटायटिस ए', तारीख आणि सही. नाव नाही, बॅच नाही, स्टिकर नाही. लस कोणत्या प्रकारची होती हेच त्यावरून कळेना, आणि मॅडमना तेच सगळ्यात आधी हवं होतं. एका डोसची जिवंत लस असती तर मुळात माझी औषधं घेणाऱ्या माणसाला ती द्यायचीच नसते. दोन डोसची असती तर अर्धंच काम झालेलं. माझ्या नवऱ्याला मेडिक्लेमसाठी प्रत्येक बिल फाइलला लावायची सवय आहे. त्या फाइलीत मेडिकलचं बिल सापडलं. मारलेल्या विषाणूची लस, मोठ्यांचा पूर्ण डोस, बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही छापलेली. मुदत संपलेली नव्हती. मुलाच्या पुस्तिकेत जे असतं ते मोठ्या माणसाच्या लसीला का नसावं, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

मग मॅडमनी एकेक गोष्ट घेतली. कुठे टोचली? दंडावर. तेच बरोबर, कुल्ल्यावर दिली तर चरबीत जाऊन परिणाम कमी होऊ शकतो. कशी आणली? बर्फाच्या पिशवीतून, रिक्षाने. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. मला उन्हाची भीती होती. मॅडम म्हणाल्या, तासाभराच्या उकाड्याने या लसीचं फारसं बिघडत नाही; ती गोठली तर मात्र वाया जाते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, त्याला विषाणूचे कण चिकटवलेले असतात. गोठल्यावर ती घडण मोडते आणि बाटली हलवली तरी गाळ लवकर खाली बसतो. घरगुती फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटली, बर्फाला थेट लागलेली बाटली, हे खरे धोके. माझी बाटली गोठली होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती शक्यता कागदावर तशीच राहिली.

मुलाने घरी विचारलेला प्रश्नही मी त्यांना विचारला. करोनासारखा विषाणू बदलला म्हणून तर नाही? तसं नाही. या विषाणूचे जनुकीय प्रकार वेगवेगळे आहेत. भारतात मुख्यतः तीन-ए हा प्रकार सापडतो, आणि जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लसींपैकी एकीचा विषाणू मूळचा ऑस्ट्रेलियातल्या रुग्णापासून मिळवलेला, वेगळ्या प्रकारातला. पण प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने हे सगळे एकच आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी सगळ्यांवर चालते.

आणि मग त्यांनी टेबलावर माझी जुनी प्रिस्क्रिप्शनं मांडली. लस घेतली त्या महिन्यात मेथोट्रेक्सेट पूर्ण डोसमध्ये आणि अ‍ॅडॅलिम्युमॅब चालू. 'खरं कारण बहुधा हे आहे,' त्या म्हणाल्या.

लस टोचली म्हणजे शरीराला काम दिलं. पुढचं काम पांढऱ्या पेशींनी करायचं: ओळखायचं, वाढायचं, अँटिबॉडी बनवायची, आणि आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे ठेवायच्या. मेथोट्रेक्सेट नेमकं त्या पेशींच्या वाढण्यालाच आवर घालतं. निरोगी माणसात पहिल्या डोसनंतर महिनाभरात पंच्याण्णव टक्के किंवा जास्त जणांत पुरेशी अँटिबॉडी तयार होते. स्वीडनमध्ये आमवाताच्या, माझ्यासारखीच औषधं घेणाऱ्या रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात महिन्याभराने दहातल्या एकातच ती सापडली. सहा महिन्यांनी तिघांतल्या एकात. दुसऱ्या डोसनंतर मात्र दहातल्या आठांत. मी हे आकडे दोनदा विचारून घेतले. मला दवाखान्यात सांगितलेलं पंच्याण्णव आणि हे दहा, एकाच लसीचे, एकाच डोसचे. फरक फक्त समोर बसलेल्या माणसाचा.

आणि हे माझ्या आजारापुरतं नाही. अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी घटलेले, लिव्हरचा जुना आजार असलेले, वय झालेले, या सगळ्यांत लसीचा प्रतिसाद कमी पडू शकतो. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध घेतल्यावर तर काही महिने लसीला जवळजवळ प्रतिसादच येत नाही. तान्ह्या बाळांत आईकडून आलेली अँटिबॉडी लसीच्या आड येते, म्हणून ही लस एक वर्षाच्या आधी सहसा देत नाहीत. लसीचा प्रतिसाद असा कमी पडू शकतो म्हणूनच विषाणूशी संपर्क आलेल्या दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला लसीबरोबर तयार अँटिबॉडीचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं, इंजेक्शनही देण्याची शिफारस काही देशांत आहे.

'दोन्ही डोस झाले असते तर मला झाला नसता?' मी विचारलं.

मॅडमनी थोडा वेळ घेतला. 'तुमची शक्यता बरीच सुधारली असती. खात्री मी तेव्हाही दिली नसती. महिन्याभराने रक्त तपासून पाहिलं असतं, कमी वाटलं तर तिसरा डोस दिला असता, आणि पाणी उकळून प्या असं तरीही सांगितलं असतं.' रक्ततपासणीचीही एक मेख त्यांनी सांगितली. बाजारातले किट आजार होऊन गेलेल्यांची अँटिबॉडी मोजायला बनवलेले असतात, ती पुष्कळ असते. लसीने तयार झालेली त्यापेक्षा कमी असते, त्यामुळे संरक्षण असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. निरोगी माणसाने म्हणूनच लसीनंतर तपासणीच्या मागे लागायचं कारण नाही. निरोगी माणसाच्या आठवण ठेवणाऱ्या पेशी अँटिबॉडी घटल्यावरही कामाला येतात. आमच्यासारख्यांत त्यांच्यावर किती विसंबायचं हे सांगणं कठीण, म्हणून आमच्या बाबतीत तपासणीला अर्थ आहे.

मला आता दुसऱ्या डोसची गरज नाही. आजार होऊन गेल्यामुळे माझं संरक्षण पक्कं झालं. लिव्हरचे आकडे पूर्ण खाली आल्यावर मॅडमनी आधी इंजेक्शन सुरू केलं, मग मेथोट्रेक्सेट, कमी डोसपासून चढवत. मधले आठवडे सांध्यांच्या दुखण्यात गेले. त्यांबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल.

सोसायटीत मी दोन गोष्टींसाठी हट्ट धरला. एक, टाकी आणि चेंबर यांतलं अंतर वाढवणं, ते काम सुरू झालं आहे. दुसरं, साथीच्या नोटिशीत 'हात साबणाने धुवा' हे ठळक लिहिणं. आधी तिथे सॅनिटायझर लिहिलेलं होतं. या विषाणूला वरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून काढून टाकतं. पाणी खळखळून उकळलं की तो मरतो.

डोंबिवलीच्या माझ्या मावसबहिणीला याच वर्षी आमवाताचं निदान झालं. मेथोट्रेक्सेट सुरू होण्याआधीचे काही दिवस मोकळे होते. उपचार लांबवायचे नाहीत, पण आहे तो वेळ वाया घालवायचा नाही, असं तिच्या डॉक्टरांनी ठरवलं. मी तिच्याबरोबर गेले. आधी अँटिबॉडी तपासली, निगेटिव्ह. मग औषधाच्या आधी पहिला डोस. नर्सताईंना मी बाटलीवरचं स्टिकर मागून घेतलं, त्यांनी ते कार्डावर चिकटवून खाली बॅच नंबरही लिहिला. महिन्याभराने तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तरी दुसरा डोस चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, कारण तोपर्यंत मेथोट्रेक्सेट पूर्ण डोसवर असेल. त्यानंतर महिन्याने परत तपासणी. तारीख तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिली आहे, आणि माझ्याही.